मानेत सुया टोचून घ्यायच्या का, आणि गुण आला हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४६, अकाउंट्सचं काम, पाच वर्षं मान दुखते. एमआरआयमध्ये सी-५ सी-६ ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज (मधली गादी थोडी बाहेर फुगलेली) निघाला आहे. गोळ्या, शेक, ट्रॅक्शन, पट्टा सगळं करून झालं. मावसबहिणीला ॲक्युपंक्चरने गुण आला. डॉक्टर असलेला मित्र म्हणतो, "हे सगळे मनाचे खेळ, चाचण्यांमध्ये खोट्या सुईनेही तेवढाच फरक पडतो." क्लिनिकवाले म्हणतात, "शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेलं आहे," आणि वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरले तर सवलत देतात. कोणाचं खरं मानायचं?

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. मी फिजिकल मेडिसिनचा डॉक्टर. बावीस वर्षं मान, पाठ, गुडघे हेच बघतोय आणि त्यात सुयाही टोचतो. म्हणजे "टोचून घ्या" म्हटलं तर चार पैसे माझ्याच जातभाईंच्या खिशात जाणार. ते ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

तुमचा मित्र ज्या चाचण्यांबद्दल बोलतोय त्या झालेल्या आहेत. क्लिनिकवाले ज्यांचा हवाला देतात त्याही झालेल्या आहेत. गंमत अशी की पुष्कळदा दोघं एकाच चाचणीकडे बोट दाखवत असतात.

एमआरआयचं आधी बघू, कारण त्या बल्जने तुमची झोप उडवलेली दिसते. जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १,२११ धडधाकट लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत डिस्क बल्ज निघाला. विशीतल्या मुलामुलींतसुद्धा चारांतल्या तिघांना होता. डोक्यावर पांढरा केस दिसावा तसाच हा प्रकार. हाताला सतत मुंग्या, बोटांत बधिरपणा, एका हाताची ताकद कमी असं काही नसेल, तर त्या अहवालाची फाइल कपाटात ठेवून द्या. पण शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल, चप्पल पायातून निसटून गेलेली कळत नसेल, तर सुयांचा विचार बाजूला ठेवून आधी मणक्याच्या डॉक्टरांना गाठा. मज्जारज्जूवर दाब असण्याची ती लक्षणं आहेत. संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन आणि रात्री वाढणारं दुखणं एकत्र असेल तर आपल्याकडे मणक्याच्या टीबीची शंका घ्यावीच लागते. आणि जिना चढताना मान किंवा जबडा भरून येत असेल तर आधी ईसीजी. यातलं काहीच नाही असं धरून पुढे जातो.

आता मुख्य मुद्दा. "ॲक्युपंक्चरने गुण येतो का?" हा प्रश्न अर्धवट आहे. कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. काहीच न करण्याच्या तुलनेत? नेहमीच्या गोळ्या-व्यायामाच्या तुलनेत? की खोट्या सुईच्या तुलनेत? तिन्हींची उत्तरं वेगळी निघालेली आहेत.

पहिल्या दोन तुलनांत सुयांचं पारडं जड आहे. जर्मनीत विमा कंपन्यांच्या मदतीने एक अवाढव्य चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. मानदुखीचे १४,१६१ पेशंट. त्यांतल्या १,८८० जणांना चिठ्ठ्या टाकून सुयांच्या गटात घातलं, १,८८६ जणांना तीन महिने नुसतं नेहमीच्या उपचारांवर ठेवलं, आणि ज्यांनी चिठ्ठीला नकार दिला त्यांनाही सुया देऊन मोजलं. तीन महिन्यांत जास्तीत जास्त पंधरा बैठका. मानेचा त्रास मोजणाऱ्या प्रश्नावलीवर सुयांचा गट १६.२ गुणांनी सुधारला, दुसरा ३.९ गुणांनी. फरक ठसठशीत आहे.

दुसरी चाचणी ब्रिटनमधली, यॉर्क विद्यापीठाच्या ह्यू मॅकफर्सन यांच्या गटाची, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली. ही मला जास्त आवडते, कारण तिने पेशंटना वर्षभर सोडलं नाही. ५१७ जण, निम्म्याहून अधिक लोकांची मान सहा वर्षं किंवा जास्त काळ दुखत होती, म्हणजे तुमच्याच पंगतीतले. तीन गट केले. सगळ्यांचे नेहमीचे उपचार चालूच. एका गटाला वर सुयांच्या बारा बैठका, दुसऱ्याला अलेक्झांडर तंत्राचे वीस धडे. हे तंत्र म्हणजे बसण्या-उठण्यात मान आणि पाठ आवळून धरायची सवय शिक्षकाच्या हाताखाली सोडवणं. तिसऱ्याला वर काही नाही. वर्षअखेरीस शंभर गुणांच्या पट्टीवर सुयांचा गट तिसऱ्या गटापेक्षा ३.९२ गुणांनी पुढे होता आणि अलेक्झांडरवाला ३.७९ गुणांनी.

शंभरात चार गुण म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणा. फार नाही. पण उपचार कधीच संपलेले असताना वर्षानंतरही तो फरक टिकला, हे दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

मला मात्र त्या आकड्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने विचारात पाडलं. सुया आणि अलेक्झांडर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी उत्तर जवळजवळ सारखं आलं. दोन्हींत सारखं काय होतं? वेळ. दोन्ही गटांना माणशी सहाशे मिनिटं देऊ केली होती. दहा तास! आमच्या ओपीडीत दहा मिनिटं मिळाली तर पेशंट आशीर्वाद देऊन जातो. कोणीतरी दहा तास तुमच्या मानेकडे लक्ष देतं, हात लावतं, कसे बसता, कसे झोपता विचारतं, याचा परिणाम सुईपासून वेगळा कसा काढायचा? त्या चाचणीला ते ठरवायचंच नव्हतं. जिथे ठरवायचं असतं तिथे खोटी सुई आणावी लागते.

खोटी गोळी बनवणं सोपं आहे, साखरेची करा. सुईचं काय? जर्मनीतल्या स्ट्राइटबर्गर यांनी १९९८ मध्ये एक युक्ती जगापुढे आणली. सुईचं टोक बोथट, आणि दाबली की दांडा मुठीत सरकतो, अगदी नाटकातल्या खंजिरासारखा. बघणाऱ्याला वाटतं आत गेली. त्वचेवर टोकाची टोचणीही जाणवते. सुई उभी राहावी म्हणून खाली प्लॅस्टिकचं छोटं कडं ठेवून त्यावर चिकटपट्टी लावतात आणि पट्टीतून सुई घालतात.

तसला एक संच मी एकदा मिळवला होता. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंच्या मानेवर करून पाहिला. मे महिना, वीज गेलेली. मानदुखीत हमखास वापरला जाणारा एक बिंदू फेंगची. कवटीच्या खाली, केस सुरू होतात तिथल्या दोन खळग्यांत तो असतो. आता केसांवर आणि घामावर चिकटपट्टी टिकते का? कडं घसरून कॉलरपाशी आलं, सुई आडवी लोंबायला लागली आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, एक पडली वाटतं." हाताच्या किंवा पायाच्या बिंदूंवर हे साधन झकास चालतं, मानेवर त्रेधा उडते. म्हणूनच मानदुखीच्या चाचण्यांत खोटा उपचार म्हणून नाना प्रकार केलेले दिसतात: बंद पडलेलं टेन्सचं (त्वचेवर पॅड लावून सौम्य वीजप्रवाह सोडणारं) यंत्र, न पेटणारा लेसर, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया. ‘खोट्या सुईइतकाच फरक’ असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, खोटी म्हणजे कसली?

वरवर टोचलेली सुई खोटी आहे असं म्हणताना थोडं अडखळायला होतं. जपानी पद्धतीत सुया मुळातच अगदी उथळ घालतात. म्हणजे एका देशातला खोटा उपचार दुसऱ्या देशात खरा म्हणून चालतो. त्वचेला काहीही टोचलं की मज्जातंतूंतून संदेश जातोच, त्यामुळे तो साखरेच्या गोळीसारखा निष्क्रिय म्हणता येत नाही. शिवाय सुई टोचणाऱ्याला माहीतच असतं आपण काय टोचतोय ते. त्याच्या चेहऱ्यावर, बोलण्यात ते उतरू नये यासाठी संहिता लिहून देतात, पण माणूस तो माणूसच. आणि ज्याने पूर्वी सुया घेतल्या आहेत त्याला ‘दे ची’ ओळखता येते. सुई नेमकी लागली की जडपणा, ठणका, झिणझिण्या असं काहीतरी पसरतं त्याला चिनी वैद्य दे ची म्हणतात. ती आली नाही की जुना पेशंट मनात म्हणतो, मला डुप्लिकेट मिळालेली दिसते.

आता निकाल. २००४ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी जुनाट मानदुखीच्या १३५ जणांवर चाचणी केली. चार आठवड्यांत आठ बैठका. अर्ध्यांना खऱ्या सुया, अर्ध्यांना बिंदूंवर टेन्सचे पॅड लावून मुद्दाम निकामी केलेलं यंत्र. दुखणं मोजलं शंभर मिलिमीटरच्या रेघेवर: डावं टोक म्हणजे काहीच नाही, उजवं टोक म्हणजे असह्य, मध्ये पेशंटने खूण करायची. दोन्ही गटांचं दुखणं साठ टक्क्यांहून जास्त उतरलं. हो, निकामी यंत्राच्या गटाचंसुद्धा. खऱ्या सुयांचा गट पुढे होता तो ६.३ मिलिमीटरने. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक खरा ठरला. पण कंपासपेटीतली पट्टी काढा आणि सहा मिलिमीटर बघा, पेन्सिलीची जाडी जवळजवळ तेवढीच असते. पेशंटला जाणवण्याइतका तो नाही, हे त्या संशोधकांनीच लिहून ठेवलंय.

त्याआधी २००१ मध्ये जर्मनीत १७७ जणांवर पाच बैठकांची चाचणी झाली, तीन गटांत: सुया, मालिश, आणि प्रकाशच न सोडणारा लेसर. सुया मालिशपेक्षा सरस ठरल्या. बंद लेसरपेक्षा मात्र ठरल्या नाहीत. मालिश करणाऱ्यांनी यावर काय म्हटलं असेल ते असो.

कंबरदुखीच्या जर्मन चाचणीत हा गुंता सगळ्यात उघड दिसला, म्हणून मानेचा विषय सोडून तिथे जरा जातो. १,१६२ पेशंट. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना गुण आला, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के, आणि गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी अशा रीतसर उपचारांच्या गटात २७.४ टक्के. क्लिनिकवाले पहिला आणि तिसरा आकडा दाखवतात, तुमचा मित्र पहिला आणि दुसरा. मी मघाशी म्हटलं ना, एकच चाचणी.

धोरण ठरवणारेही या गुंत्यात गोते खातात. जर्मनीने २००६ मध्ये कंबर आणि गुडघ्यासाठी सरकारी विम्यातून सुयांचे पैसे द्यायचं ठरवलं, मानेला त्यातून वगळलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ मध्ये खोट्या सुईवर बोट ठेवून ती मागे घेतली, आणि २०२१ मध्ये ज्या जुनाट दुखण्यांचं ठोस कारण सापडत नाही त्यांच्यासाठी पुन्हा दार किलकिलं केलं. एकच कोर्स, आणि उपचार करणाऱ्याचे एकूण पाच तासांपेक्षा जास्त नाहीत, अशा अटी घालून. पाच तास! तुमच्या वीस बैठकांच्या पॅकेजशी ताडून बघा.

३९ चाचण्यांमधल्या २०,८२७ पेशंटची मूळ माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण आलं त्याचाही सूर असाच आहे: काही न करण्यापेक्षा बराच फरक, खोट्या सुईपेक्षा थोडा, पण शून्य नाही. माझं मत विचाराल तर, सुईत स्वतःचं असं थोडं काहीतरी आहे, आणि तिच्याभोवती जे घडतं त्यात बरंच आहे. तुमच्या मित्राला ‘मनाचे खेळ’ म्हणून ते झटकून टाकता येतं, कारण मान त्याची दुखत नाही. पण बिंदू चुकला तरी फारसं बिघडत नाही असं चाचण्या सांगत असताना ‘आमच्याकडचे बिंदू खास’ असल्या जाहिरातीही मला पटत नाहीत.

एक कबुली देतो. पहिली पाचसहा वर्षं मीही छातीठोकपणे सांगायचो की माझ्याकडे मानेचे दहातले आठ बरे होतात. हे आठ कुठून आले? जे परत आले आणि हसत आले, ते बरे. जे परत आलेच नाहीत, तेही बरेच झाले असणार, नाहीतर आले नसते का! एकदा एका विद्यार्थिनीने साधा प्रश्न विचारला, "सर, न आलेल्यांना फोन केलाय का कधी?" दोन रविवार बसून जुन्या केसपेपरवरचे नंबर फिरवले. कोणी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेलं, कोणी हाडवैद्याकडे, एका आजोबांनी तर "तुमच्याकडून आल्यावर दोन दिवस मान वळेना" म्हणून चांगलं सुनावलं. काही खरोखर बरे होते, पण त्यांतले कित्येक म्हणाले की नोकरी बदलली, मुलीचं लग्न पार पडलं, मान आपोआप थांबली. तेव्हापासून दहातले आठ हे वाक्य माझ्या तोंडून गेलेलं नाही. यॉर्कच्या लोकांनी वर्षभर पेशंटचा पिच्छा का पुरवला, ते मला त्या फोनवर कळलं.

आणखी एक गोष्ट त्या फोनांनी शिकवली. माणूस डॉक्टरकडे येतो तो त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात. मानदुखी चढते-उतरते. चढलेली असताना काहीही केलं, सुया टोचल्या, तेल लावलं, नवस बोलला, तरी पुढच्या आठवड्यात ती थोडी उतरणारच. श्रेय शेवटी जे केलं त्याला. मावसबहिणीचा गुण यातला असेल किंवा सुयांचा असेल, तिलाही ते सांगता येणार नाही.

म्हणून तुम्ही स्वतःची छोटी चाचणी करा. सुया सुरू करण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. रोज रात्री शून्य ते दहा आकडा लिहा, त्या दिवशी घेतलेल्या गोळ्या मोजा, आणि मानेमुळे अडणारी तीन कामं ठरवा. तुमच्या बाबतीत मी म्हणेन: गाडी मागे घेताना मान वळवणं, सलग तासभर स्क्रीनपुढे बसणं, आणि रात्री कूस बदलताना जाग येणं. ‘बरं वाटतंय’ हे वहीत लिहायचं नाही, कारण डॉक्टरांचं मन मोडू नये म्हणूनही आपण तसं म्हणतो. किती सुधारलं तर पुढे जायचं हेही पहिल्याच पानावर आधी लिहून ठेवा. आकड्यात निदान तीस टक्के घट आणि तीनपैकी दोन कामं सोपी, ही मर्यादा मला ठीक वाटते. त्या काळात नवी उशी, नवी खुर्ची, जिम असलं काही सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही. मानेचे आणि खांद्याचे व्यायाम आधीपासून चालू असतील तर चालूच ठेवा. ते नसतील तर खरं म्हणजे आधी सहा आठवडे तेच करा, कारण ते फुकट आहेत आणि पुढेही लागणारच आहेत. मग आठवड्याला एक किंवा दोन अशा सहा बैठका घ्या. सहावीनंतर वही उघडा. मर्यादा गाठली नसेल तर थांबा, "अजून चार घेऊन बघू" नको. गाठली असेल तर आणखी चार-सहा घ्या, आणि थांबल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे वही लिहा.

या वहीत सुई, डॉक्टरांचं बोलणं, अर्धा तास फोनशिवाय पडून राहणं, सगळं एकत्रच मोजलं जाईल. ते वेगळं काढायची गरज संशोधकाला असते, तुम्हाला नाही.

धोक्याचं सांगतो. जर्मनीत २,२९,२३० पेशंटची नोंद ठेवली तेव्हा ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना रक्ताचा थेंब, काळानिळा डाग किंवा टोचल्या जागी दुखणं. पण दोघांच्या फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीत गेली. मानदुखीत नेहमी वापरला जाणारा जिआनजिंग हा बिंदू खांद्यावर नेमका तिथे असतो जिथे शबनमचा बंद बसतो, आणि बारीक माणसात त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक फार लांब नसतं. जाणता माणूस तिथला स्नायू चिमटीत उचलून सुई तिरकी घालतो. कोणी तिथे सरळ खाली खोल घालत असेल तर उठून या. बैठकीनंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली तर घरी वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. सुया तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढायला हव्यात. पहिल्या वेळी झोपूनच टोचून घ्या, बसल्या जागी भोवळ येणारे कमी नसतात, आणि त्यात धिप्पाड पुरुष पुढे.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. काही दवाखान्यांत सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा फोटो भिंतीवर दिसतो. फोटो लावावा असाच माणूस, पण ते स्वतः शल्यविशारद होते. १९३८ मध्ये त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती रुजवली. फोटो हा काही नोंदणीचा दाखला नव्हे.

पॅकेजचं विचारलंत. वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. एकदा भरले की वही तिसऱ्या आठवड्यातच तुमच्या बाजूने खोटं बोलायला लागते, कारण पैसे फुकट गेले असं लिहायला हात धजत नाही. सहा बैठकांचे द्या, तेही बैठकीगणिक. क्लिनिकवाले तयार नसतील तर दुसरं बघा. पुण्यात असाल तर मानेसाठी सुया टोचणारे पाच-दहा किलोमीटरच्या आत चार तरी सापडतील, फक्त गाडी मागे घेताना जरा जपून.